सरवदेबाईंचा उलटा हात

आमच्या शिफ्टमधल्या चौदा पुरुषांच्या गालांना रोज सकाळी एक बाई हात लावायची, आणि त्याबद्दल एकाही घरातून कधी तक्रार आली नाही. उलट दत्ता शेळकेची बायको मला म्हणाली होती, "त्या बाईंच्या धाकानं तरी हे तोंड खरडून जातात, भावजी. नायतर लग्नाच्या वाढदिवसाला बी तसेच."

त्या म्हणजे इंदू सरवदे. आम्ही सरवदेबाई म्हणायचो. चाकणच्या पट्ट्यात चार-पाच कंपन्यांनी मिळून चालवलेलं आमचं छोटंसं अग्निशमन केंद्र. दोन बंब, एक जीप, आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून एक लांबट खोली. त्या खोलीला सगळे बीए रूम म्हणायचे. आगीत शिरताना जवान पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क लावून जातात ना, तो बीए सेट, म्हणजे ब्रीदिंग अपरेटस. ते सगळे सेट तपासायचे, धुवायचे, भरायचे, हे बाईंचं काम. आणि मी जीपचा ड्रायव्हर, तापकीर. भरलेले जादा सिलिंडर जागेवर पोचवायचे आणि बाहेर फळा धरून उभं राहायचं, म्हणजे आत कोण गेलं, किती वाजता गेलं, किती हवेवर गेलं, ते लिहायचं. आत जायचं काम माझं नाही. म्हणून माझ्या गालाला बाईंनी कधी हात लावला नाही. माझी दाढी छातीपर्यंत आली असती तरी त्यांना काही पडलेलं नव्हतं.

सिलिंडरला कुणी ऑक्सिजनची टाकी म्हटलं की बाईंचं डोकं फिरायचं. एकदा कुठल्या तरी कंपनीचे मोठे साहेब पाहुणे घेऊन आले आणि कौतुकानं म्हणाले, "हे बघा, हे आमचे ऑक्सिजन सिलिंडर." बाई मास्क पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हवा हाय ती. तुमी आन मी घेतो तीच. आगीत ऑक्सिजन घिऊन जायला आमची लेकरं काय येडी हायत का?" साहेब हसले, पाहुणे हसले, आमचे स्टेशन ऑफिसर जाधवसाहेब मात्र दिवसभर घाम पुसत होते.

बाई लातूरकडच्या. लग्न होऊन भोसरीला आल्या आणि एमआयडीसीतल्या एका रबराच्या वर्कशॉपमध्ये लागल्या. साच्यातून गरम गरम ऑइल सील, म्हणजे यंत्रातलं तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा, बाहेर काढायचे आणि त्यांच्या कडेला आलेलं जादाचं रबर ब्लेडनं कापायचं. वीस वर्षं हेच केलं. त्यात त्यांच्या बोटांची टोकं इतकी भाजली, इतकी निबर झाली, की त्यांना टोकांनी काही कळायचंच नाही. म्हणून कड तपासायची ती उलट्या हातानं, बोटांच्या पाठीनं. केसाएवढी रेघ राहिली असेल तरी त्यांना ती तिथे कळायची.

आमच्याकडे त्या आल्या त्याही या उलट्या हातामुळेच. आमचे मास्क गळतात म्हणून साहेबांनी त्या वर्कशॉपकडून नव्या रबरी कडा मागवल्या होत्या. त्या द्यायला बाई स्वतः आल्या. एक मास्क हातात घेतला, कडेवरून उलटा हात फिरवला, मग समोर उभ्या असलेल्या जवानाच्या गालावरून फिरवला. म्हणाल्या, "साहेब, रबर चांगलं हाय. तुमच्या मान्सांची थोबाडं गळायलीत." जाधवसाहेब हा माणूस तसा रागीट, पण खरं ऐकलं की गप्प व्हायचा. दोन महिन्यांत त्यांनी बाईंना आमच्याकडे आणलं, सेट बनवणाऱ्या कंपनीचं ट्रेनिंग करवलं आणि बीए रूमची किल्ली त्यांच्या हातात दिली.

तेव्हापासून आमचा छळ सुरू झाला. खोटं कशाला बोलू, छळच होता तो. रोज शिफ्ट बदलली की सगळे रांगेत. बाई एकेका गालावरून बोटांची पाठ फिरवणार. मग मास्क लावायचा, हवेची वाट तळव्यानं बंद करायची आणि श्वास ओढायचा. मास्क तोंडाला घट्ट चिकटून बसला तर पास. मग त्या माणसाच्या नावाचा पितळी बिल्ला भिंतीवरच्या खिळ्याला लागायचा. बिल्ला खिळ्याला म्हणजे तुम्ही आत जाऊ शकता. नापास झालात तर बिल्ला बाईंच्या ड्रॉवरमध्ये. त्याच ड्रॉवरमध्ये एक आरसा, एक रेझर आणि तुरटीचा खडा असायचा. योगेश म्हणून आमचा एक जवान होता, फार तोंडाळ. तो त्या ड्रॉवरला 'इंदू जेंट्स पार्लर' म्हणायचा. बाईंनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःच्या देखरेखीखाली दोनदा दाढी करायला लावली.

त्यांना भीती एकच होती, आणि ती त्या उघड बोलून दाखवायच्या. मास्कच्या कडेखाली दाढीचे खुंट आले की मास्क नीट बसत नाही. फटीतून हवा बाहेर निसटत राहते. माणसाला आत काही कळत नाही, कारण श्वास तर नीट चाललेला असतो. कळतं ते हवा अर्ध्या वेळातच संपते तेव्हा. "भायेर ह्यो ड्रायव्हर घड्याळ बगत बसंल," त्या माझ्याकडे बोट करून म्हणायच्या, "ह्याला वाटंल आजून पंधरा मिन्टं हायत. आन आत लेकराची हवा सरलेली. माजी सही आसलेला एक बी मानूस आर्ध्या हवेवर आत जायचा न्हाई. बाकी मला कायबी बोला."

आम्ही बोलायचोच.

मग आला श्रावण. आता आमच्याकडची निम्मी पोरं खेड, जुन्नर, मावळची. श्रावणात मटण बंद, दारू बंद, आणि दाढीला वस्तरा बंद. बापजाद्यांपासून चालत आलेलं. पहिल्या आठवड्यात बाईंनी एका सकाळी आठ बिल्ले ड्रॉवरमध्ये टाकले. जाधवसाहेब धावत आले. "अहो बाई, कॉल आला तर आत जाणार कोण?"

"मी जाते," बाई म्हणाल्या. "मला दाढी न्हाई."

हसायची सोय नव्हती, कारण बाई गंभीर होत्या. दोन दिवस स्टेशनात वातावरण तंग. देवाधर्मात हात घालते म्हणून पोरं धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी बाई खडू घेऊन आल्या. प्रत्येकाला मास्क लावला, मास्कच्या कडेनं चेहऱ्यावर खडूची रेघ ओढली आणि मास्क काढून आरसा समोर धरला. "हे बगा. ही रेघ जिथनं गेली तेवढी माजी. रेघंच्या आत मिशी ठेवा, वठाखाली चिमूटभर ठेवा, मी कायबी म्हननार न्हाई. देवाला तेवढं पुरतंय का बगा. न्हाई पुरलं तर देवाला माज्याकडं पाठवा."

पुरलं म्हणायचं. त्या वर्षी श्रावणभर आमचे आठ जवान बोकडदाढी घेऊन फिरत होते. एकाचा मेव्हणा त्याला बघून म्हणे ओळखच विसरला. पण बिल्ले सगळे खिळ्याला लागले.

बाईंची आणखी एक खोड सांगतो. कामावरून सेट परत आला, की मास्क कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत लाकडी खुंटीवर. उन्हात नाही. एकानं घाईत गाडीच्या बॉनेटवर वाळवला तर बाईंनी त्याला स्वतःला तासभर उन्हात उभं केलं. एकानं वास जावा म्हणून सुगंधी फिनेल वापरलं, तर तोच मास्क लावून त्याला अंगणाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीला तो रडकुंडीला आला. आणि मास्क वाळला की शेवटचं काम, त्याचे सगळे पट्टे ओढून पूर्ण सैल करून ठेवायचे. हे काम त्या जवानांकडूनच करून घ्यायच्या. "पट्टे मोकळे कर," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दिवसातून वीसदा तरी ऐकलं असेल. "तुजं काम झालं. फुडच्याचं तोंड केवडं आसंल तुला काय ठावं? त्येला घाईत पट्टा सोडत बसायला लावू नगं."

आता ज्या दिवसासाठी हे सगळं सांगतोय, तो दिवस.

दत्ता शेळकेची आई वारली. दत्ता आमच्यातला सगळ्यात भरवशाचा जवान. कमी बोलणारा, खांद्यानं रुंद, आत गेला की बाहेरच्यांना धीर वाटावा असा. सुतकात दाढी करायची नसते. दहाव्याला घाटावर केस उतरवायचे, तोवर वस्तरा नाही. यात खडूच्या रेघेची तडजोड नव्हती. साहेबांनी त्याला बारा दिवस घरी राहा म्हणून सांगितलं होतं. पण दत्ता सहाव्या दिवशी सकाळी युनिफॉर्म घालून हजर.

रांगेत त्याची पाळी आली. बाईंनी हात उचलला, गालावर ठेवला आणि तिथेच थांबल्या. सहा दिवसांची दाढी. कळायला हात लावायचीही गरज नव्हती.

"कशाला आलास रं?"

"घरात बसवत नाही, बाई. तिची खाट समोर दिसती."

"मग बस की हितं. फोनवर बस. सिलिंडर भरू लाग मला."

"नुसतं बसायचं असतं तर घरी बसलो असतो," दत्ता म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "रेझर तेवढा काढू नका. तिचं दहावं व्हायचंय."

मी शेजारीच होतो. बाईंनी ड्रॉवर उघडला होता तो तसाच बंद केला. मला नंतर कळलं ते आत्ताच सांगून टाकतो. बाईंची आई लातूरला गेली तेव्हा वर्कशॉपमधून त्यांना रजा मिळाली नव्हती. आठवडाभर त्या साच्यापुढे उभ्या राहून सील कापत होत्या आणि हातांना काम होतं म्हणून आपण त्या आठवड्यात जगलो, असं त्यांनीच एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं. दत्ताला त्यांच्याइतकं कुणी समजू शकत नव्हतं. तिथेच घोळ झाला.

"मास्क लाव," त्या म्हणाल्या.

दत्तानं लावला. पट्टे करकचून आवळले. तळव्यानं वाट बंद केली, वरून तळवा असा दाबला की मास्क रुतलाच पाहिजे. श्वास ओढला. मास्क चिकटला. बाईंना काय दिसत नव्हतं का? त्या तळव्याचा जोर मला ड्रायव्हरला दिसला, तर त्यांना दिसला नसेल? पण त्यांनी बिल्ला खिळ्याला लावला आणि वहीत सही केली.

साडेदहाला कॉल आला. एका पॅकिंग मटेरियलच्या गोदामात फोमच्या गठ्ठ्यांना आग. ज्वाळा थोड्या, धूर मरणाचा. बंब पुढे गेले, मी बाईंना आणि सिलिंडरांना जीपमध्ये घालून मागोमाग. वाटेत मी आपलं काहीतरी ट्रॅफिकला शिव्या देत होतो.

गोदाम लांबलचक, पत्र्याचं. शटर एका टोकाला आणि स्टोअरकीपरची केबिन दुसऱ्या टोकाला. मागे दार नाही. बाकीचे कामगार बाहेर आले होते, स्टोअरकीपर आला नव्हता. त्याचा फोन वाजत होता, तो उचलत नव्हता. साहेबांनी जोडी ठरवली. आमच्यात कुणी एकटा आत जात नाही. योगेश आणि दत्ता. दोघांनी खिळ्यावरून काढून आणलेले बिल्ले माझ्या हातात दिले, मी फळ्यावर वेळ लिहिली, सिलिंडर दोन्ही फुल. ते धुरात शिरले आणि दिसेनासे झाले.

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी फळ्यावर दत्ताचं नाव बघितलं. तोवर कदाचित त्यांना वाटत होतं, की साहेब आज त्याला आत पाठवणारच नाहीत. पण साहेब कसे थांबवतील? बिल्ला खिळ्याला होता. बाईंची सही होती.

"साहेब," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "दत्ताला भायेर बोलवा."

"का?"

"त्येच्या तोंडावर सा दिवसांची दाढी हाय. मास्क गळनार. मी त्येला पास केलं. चूक माजी हाय, नंतर काय करायचं ते करा, आदी त्येला बोलवा."

जाधवसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण ते ओरडले नाहीत, वॉकीटॉकी उचलला. "दत्ता, योगेश, बाहेर या." खरखर. पुन्हा "बाहेर या". पुन्हा खरखर. मग योगेशचा तुटका आवाज, "...सापडला... श्वास चालू..." आणि पुन्हा खरखर. स्टोअरकीपर सापडला होता. म्हणजे ते दोघं गोदामाच्या पार शेवटच्या टोकाला होते. आता त्याला सोडून या असं कोण कुणाला सांगणार?

साहेबांनी दुसरी जोडी उभी केली, त्यांचे सेट चढवायला सुरुवात झाली. मी घड्याळाकडे बघत होतो. भरलेला सिलिंडर अर्धा तास पुरतो. ते जाऊन अकरा मिनिटं झाली होती. माझ्या हिशेबानं भरपूर वेळ होता, आणि माझा हिशेब चुकीचा आहे हे मला माहीत होतं.

प्रत्येक सेटला एक शिट्टी असते. हवा संपत आली, दहाएक मिनिटांची उरली, की ती आपोआप वाजायला लागते आणि सिलिंडर रिकामा होईपर्यंत थांबत नाही. कान किटतील असा आवाज. ती वाजली की हातातलं असेल ते टाकून परत फिरायचं, असा नियम.

बाई एकदम धावत सुटल्या. पन्नाशीची बाई, पायात साध्या चपला, गोदामाच्या कडेनं पार मागच्या टोकापर्यंत. मी हातातला फळा साहेबांच्या हातात कोंबला आणि मागे पळालो. पुढची जागा बंबांनी अडवली म्हणून मागच्या बाजूला लावलेली माझी जीप चालूच होती. बाई माझ्यावर ओरडल्या, "गाडी बंद कर आदी!" मी बंद केली. पंपाचा आवाज पुढच्या बाजूला होता, इथे बऱ्यापैकी शांत झालं. बाईंनी पत्र्यावर उलटा हात टेकवला, पत्रा कोमट होता. मग कान लावला.

"वाजली," त्या म्हणाल्या.

मलाही ऐकू आलं. बारीक, पण स्पष्ट. चौदावं मिनिट होतं. पण बाई रडल्या नाहीत, काही नाही. त्यांनी मला गप्प राहायची खूण केली आणि ऐकत राहिल्या. मग पत्र्याला हात लावून एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक.

"चालतीय," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर, शिट्टी चालायलीय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शिट्टी एका जागी वाजत राहिली तर माणूस पडलाय. शिट्टी सरकतेय म्हणजे माणूस पायावर आहे. आत दत्ता भिंतीच्या कडेनं शटरकडे चालला होता, आणि बाहेर बाई पत्र्यावर हाताची पाठ ठेवून त्याच्या बरोबरीनं चालत होत्या. मध्ये एक पत्रा. आणि त्या त्याच्याशी बोलत होत्या, तो ऐकू शकणार नाही हे माहीत असून. "चल लेकरा. हाय, भिंत हाय, भिंत सोडू नगं. हळू. हळू घे श्वास. चल, माजी माय, चल."

साधारण मध्यावर शिट्टी थांबली. म्हणजे वाजायची थांबली नाही, सरकायची थांबली. बाईही थांबल्या. एका जागी, त्याच आवाजावर, किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. घड्याळ माझ्या मनगटावर होतं, पण मी ते बघितलं नाही. बाईंनी पत्र्यावर मूठ आपटली. "ऊठ," त्या ओरडल्या. "दत्ता! ऊठ म्हनते ना!" पुन्हा मूठ. पुन्हा मूठ.

शिट्टी सरकली.

नंतर कळलं, की तिथे एक रॅक आडवा पडला होता आणि स्टोअरकीपरला त्याच्यावरून पलीकडे घेताना वेळ गेला. पण तेव्हा आम्हाला काय माहीत? तिथून पुढे बाई जवळजवळ पळतच होत्या. आम्ही शटरपाशी पोचलो, दुसरी जोडी सेट चढवून आत शिरतच होती, आणि धुरातून आधी योगेशची पाठ दिसली, मग दोघांच्या मध्ये लोंबणारा स्टोअरकीपर, मग दत्ता. शिट्टी आता कानाशी किंचाळत होती आणि खरं सांगतो, जन्मात त्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही. दत्तानं मास्क ओरबाडून काढला, गुडघ्यावर बसला आणि खोकत खोकत हवा ओढायला लागला. दोन-तीन मिनिटांत शिट्टी बारीक होत होत गप्प झाली. सिलिंडर रिकामा.

दोन-तीन मिनिटं. तेवढंच उरलं होतं.

बाई त्याच्यासमोर बसल्या. मला वाटलं आता एक कानफटात देतात. त्यांनी हात उचललाही. मग बोटांची पाठ त्याच्या त्या खरखरीत, काळ्या झालेल्या गालावर ठेवली आणि तशाच बसून राहिल्या. दत्ता म्हणाला, "बाई, हवा लवकर सरली." बाई म्हणाल्या, "व्हय रं. माज्यामुळं सरली." स्टोअरकीपर अँब्युलन्समध्ये डोळे उघडून पाणी मागत होता. साहेब टोपी काढून बंबाच्या पायरीवर बसले होते. आम्ही सगळे काय करावं न कळून एकमेकांकडे बघून हसत होतो.

दुसऱ्या दिवशी कंपन्यांचे लोक हार घेऊन आले. माणूस वाचला, पथकाचा सत्कार. फोटो, पेढे. जाधवसाहेबांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "झालं ते झालं. मी काही लिहिणार नाही." बाईंनी ऐकून घेतलं, पुढे गेल्या आणि सगळ्यांसमोर काय घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. हार देणारे साहेब हार हातात धरून ऐकत राहिले. त्याआधी बाईंनी तपासणीच्या वहीत लिहिलंच होतं, मी ते पान बघितलंय: 'सेट नंबर सात. मास्क ठीक. शिट्टी ठीक. तपासणारी चुकली.' आणि खाली सही.

त्यांना काढायचं की नाही यावर आठवडाभर खल झाला. आमच्या चौदाही जणांनी साहेबांना जाऊन सांगितलं, की तपासणी करून घेऊ तर बाईंकडूनच. सगळ्यात पुढे योगेश होता, तो पार्लरवाला. शेवटी लेखी ताकीद देऊन भागलं. बाईंनी त्या ताकीदपत्राला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि बीए रूममध्ये बिल्ल्यांच्या वर टांगलं. मी विचारलं, "हे कशाला, बाई?" म्हणाल्या, "सकाळी पयलं मला दिसाया पायजे."

पण त्यांनी एक गोष्ट साहेबांकडून मागून घेतली. सुतक असो, नवस असो, आजारपण असो, ज्याची दाढी आहे त्याचा बिल्ला ड्रॉवरमध्ये जाणार नाही. त्याच्यासाठी भिंतीवर वेगळी खिळ्यांची ओळ. त्या ओळीतल्या माणसानं त्या दिवशी बीए रूममध्ये काम करायचं, मास्क धुवायचे, सिलिंडर भरायचे, पूर्ण ड्युटी. नुसतं बसायचं नाही. "बसवलं की मानूस खोटं बोलतंय," त्या म्हणाल्या. त्यानंतरच्या श्रावणात बीए रूममध्ये चार-चार दाढीवाले बाप्ये स्टुलावर बसून मास्क घासताना दिसायचे आणि बाई त्यांच्यावर खेकसत असायच्या. खोलीला मठाची कळा आली होती.

दत्ता दहाव्याचं सगळं उरकून दुसऱ्या दिवशी स्टेशनात आला. डोकं गुळगुळीत, मिशी नाही, गाल चकचकीत. कुणी त्याला ओळखेना. तो सरळ बीए रूममध्ये गेला आणि गाल पुढे केला. बाईंनी हात फिरवला. "पास," म्हणाल्या. आणि मग पदर तोंडाला लावून खूप वेळ रडल्या. ती एकच वेळ. आम्ही बाहेर सिलिंडर मोजायचं नाटक करत उभे होतो.

पुढे दत्ताचा गुडघा गेला आणि आत जाणं बंद झालं. बाईंनीच त्याला मागून घेतलं, सगळं शिकवलं. आणि त्यांचं वय झालं तेव्हा बीए रूमची किल्ली त्याच्याच हातात गेली. बाई आता रावेतला मुलीकडे राहायला जाणार होत्या, नातवंडाला सांभाळायला.

त्यांचा शेवटचा दिवस गेल्या वर्षीचा. नारळ झाला, साडी झाली, भाषणं झाली. मी म्हटलं, "बाई, सगळ्यांचे गाल झाले, आमचं राहिलंच की." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ती भाजलेली, निबर बोटं उलटी करून माझ्या पांढऱ्या खुंटांवरून फिरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हात उबदार होता.

"नापास," त्या म्हणाल्या. "पर तू भायेरच उबा ऱ्हातोस. चालतंय. असाच उबा ऱ्हा."

सगळे हसले. मी जीपनं सोडतो म्हणालो तर नको म्हणाल्या, बस मिळते. पिशवी घेतली आणि फाटकातून बाहेर पडल्या. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागूनच रस्ता बसस्टॉपकडे जातो. भिंत छातीएवढी. मला जीपमधून त्यांचं डोकं आणि खांदे दिसत होते.

तेवढ्यात भिंतीच्या आतल्या बाजूनं शिट्टी सुरू झाली. बघतो तर दत्ता. पाठीवर सात नंबरचा सेट, तोंडावर मास्क, सिलिंडरमध्ये शेवटची हवा ठेवलेली. दुखरा गुडघा ओढत तो भिंतीच्या कडेकडेनं चालत होता, आत. बाहेर बाई.

बाई क्षणभर थांबल्या. वळून बघितलं नाही. हात उचलून भिंतीवर ठेवला, उलटा, आणि चालायला लागल्या. दत्ताच्या पावलानं. भिंत संपेपर्यंत दोघं तसेच बरोबरीनं चालत गेले. कोपऱ्यावर भिंत वळते, तिथे दत्ता थांबला, आणि थोड्या वेळानं शिट्टी बारीक होत होत बंद पडली.

पलीकडून बाईंचा आवाज आला, नेहमीसारखा, खेकसल्यासारखा.

"ठीक हाय. आता पट्टे मोकळे कर!"

दत्तानं मास्क काढला आणि तिथेच, भिंतीशी उभा राहून, एकेक पट्टा ओढून सैल केला.